अभ्यासगाडीतील विजेचा साठा : भारणव्यवस्थेची सुधारणा

१. प्रश्नाचे स्वरूप

बोलींच्या अभ्यासकाला आपल्या कामात वीज लागते, ही गोष्ट आता निराळी सांगावयास नको. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या मराठी बोलींच्या पाहणीचे ग्रंथ १९६० च्या दशकात प्रसिद्ध होऊ लागले. त्यानंतर क्षेत्रकार्याची साधने पुष्कळच बदलली. ध्वनिमुद्रक, संगणक आणि दिवे ह्यांच्यावाचून आज मुलाखत होत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) पारनेर तालुक्यात कान्हूरच्या पठारावर किंवा कुकडीकाठी निघोजच्या परिसरात काम करावयाचे, तर निवेदक दिवसभर रानात असतात. निवांत बोलणे होते ते दिवेलागणीनंतर. म्हणजे विजेची खरी गरज सूर्य मावळल्यावर पडते. अर्ध्यावर तुटलेले निवेदन पुन्हा तसेच मिळत नाही. एखाद्या वृद्ध निवेदिकेला तीच हकीकत दुसऱ्या दिवशी सांगावयास लावली, तर तिची वाक्यरचना बदललेली असते, आणि आपला अभ्यासविषय तर ती वाक्यरचनाच होय.

मुक्कामाची सोय असलेली मोटारगाडी हा ह्यावर एक उपाय आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यामुळे अशा गाड्या आता अपरिचित राहिलेल्या नाहीत. मात्र त्यांतील विजेच्या साठ्याची व्यवस्था पुष्कळदा अपुरी असते. ती का अपुरी पडते व कोणत्या क्रमाने सुधारावी, हे प्रस्तुत लेखात सांगावयाचे आहे.

२. ‘भरणे’ ह्या शब्दाचा घोटाळा

व्यवहारात आपण ‘बॅटरी उतरली’ म्हणतो, ‘बॅटरी भरली’ म्हणतो. परिभाषेत एका कोशिकेला ‘विद्युत् घट’, अनेक घटांच्या जोडणीला ‘घटमाला’ आणि भरण्याच्या क्रियेला ‘भारण’ म्हणतात. दोन्ही ठिकाणी मनापुढे घागरीचेच चित्र उभे राहते. घागर नळाखाली धरली की धार एकाच वेगाने चालू राहते व शेवटी घागर भरते. घटमालेचे तसे नाही. भारण करणाऱ्या यंत्राचा विद्युत् दाब आणि घटमालेचा स्वतःचा दाब ह्यांतील अंतरामुळे प्रवाह आत शिरतो. साठा वाढू लागला की घटमालेचा दाब वाढतो, अंतर कमी होते आणि प्रवाह आपोआप मंदावतो. म्हणून रिकाम्या घटमालेचा पहिला अर्धा भाग लवकर भरतो, पण शेवटचा पाचवा हिस्सा भरावयास कित्येक तास लागतात. गाडी तासभर चालली, ‘आता भरली असेल’, असा जो सर्वसाधारण समज असतो, तो ह्या घागरीच्या रूपकातून आलेला आहे.

३. शिसे-अम्ल घटमालेचा स्वभाव

गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली सिद्ध केलेला शिसे-अम्ल घट आजही बहुतेक मोटारींत आहे. एका घटाचा दाब सुमारे २ व्होल्ट; असे सहा घट मिळून १२ व्होल्टची घटमाला होते. काही तास विश्रांतीनंतर मोजल्यास पूर्ण भारित घटमाला सुमारे १२.७ व्होल्ट, निम्मी उतरलेली सुमारे १२.२ व्होल्ट दाखविते. पूर्ण भारणासाठी मात्र तिला १४.४ व्होल्टच्या आसपास दाब बराच वेळ मिळावा लागतो.

वीज देताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते व भारणाच्या वेळी ते पुन्हा विरघळते. घटमाला अर्धवट भारित स्थितीत दिवसेंदिवस राहिली, तर ह्या सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात, ते सहजी विरघळत नाहीत आणि धारकता कायमची घटते. म्हणून शिसे-अम्ल घटमालेतील निम्म्याहून अधिक साठा नित्य वापरू नये, असा संकेत आहे.

४. जुन्या व्यवस्थेतील दोष

साध्या व्यवस्थेत इंजिनाची घटमाला आणि मुक्कामाची घटमाला एका रिलेने जोडलेल्या असतात. इंजिन चालू झाले की रिले जोडणी करतो, बंद झाले की तोडतो; त्यामुळे रात्रीच्या वापराने इंजिनाची घटमाला उतरत नाही. इतका त्याचा गुण मान्य केला पाहिजे. त्यातील दोष तीन आहेत.

पहिला दोष तारेचा. इंजिनापासून मागच्या भागापर्यंत जाण्या-येण्याची तार १० मीटर आणि तिचा छेद ६ चौरस मिलिमीटर धरल्यास तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०२९ ओहम येतो. ३० अँपिअर प्रवाहाला तारेतच जवळजवळ ०.९ व्होल्ट दाब खर्च होतो. १४.४ मधून ०.९ गेले की उरतात १३.५. एवढ्या दाबाने साठा टिकविता येतो. उतरलेली घटमाला वेळेत पुरी भरता येत नाही. छेद १६ चौरस मिलिमीटरचा घेतला, तर हीच घट सुमारे ०.३ व्होल्टवर येते.

दुसरा दोष नियमनाचा. इंजिनावरील अल्टरनेटर इंजिनाच्या घटमालेकडे पाहून दाब ठरवितो. मागच्या घटमालेची त्याला खबर नसते. तिसरा दोष अलीकडचा. एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा मानके लागू झाली. त्यानंतरच्या अनेक गाड्यांत इंधन वाचविण्यासाठी अल्टरनेटरचा दाब चालत्या गाडीतच कमीजास्त केला जातो. अशा गाडीत साध्या रिलेचा भरवसा धरता येत नाही.

५. गरजेचा हिशेब

सुधारणेपूर्वी हिशेब करावा. संगणक ५० वॉट, चार तास : २०० वॉट-तास. दोन पंखे प्रत्येकी २५ वॉट, सहा तास : ३००. दिवे १० वॉट, पाच तास : ५०. ध्वनिमुद्रक व दूरध्वनी : ५०. एकूण ६०० वॉट-तास, म्हणजे १२ व्होल्टला ५० अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांच्या शिसे-अम्ल घटमालेची निम्म्याची मर्यादा एका रात्रीत संपते. दुसऱ्या दिवशी टाकळी ढोकेश्वरापर्यंतचा छोटा प्रवास झाला, तर ती पुरती भरत नाही. तिसऱ्या रात्री मुलाखत रंगात आली असता दिवा मंद होतो.

६. सुधारणेचा क्रम

प्रथम तार बदलावी आणि दोन्ही घटमालांच्या अगदी जवळ योग्य क्षमतेचा फ्यूज घालावा. जाड तारेतील मंडलसंक्षेप आग लावू शकतो. दुसरे, रिलेच्या जागी एकदिश प्रवाहाचा दाब बदलणारा भारक, म्हणजे बाजारात ज्याला डीसी-टू-डीसी चार्जर म्हणतात तो, बसवावा. येणारा दाब १३ व्होल्ट असो की १५, तो मागच्या घटमालेला हवा तोच दाब टप्प्याटप्प्याने पुरवितो व प्रवाहाची मर्यादा राखतो. ३० अँपिअरच्या भारकाने तासाभराच्या प्रवासात वरील गरजेपैकी निम्म्याहून अधिक वीज परत मिळू शकते.

तिसरे, छपरावर सौरपट्टी. २०० वॉटच्या पट्टीला उन्हाळ्यात पाच पूर्ण तासांइतके ऊन मिळाले असे धरून त्यातून एकतृतीयांश तूट वजा केली, तर सुमारे ६५० वॉट-तास मिळतात. दिवसाची गरज भागते. पारनेर हा पर्जन्यछायेतील तालुका असला, तरी आषाढ-श्रावणातील ढगाळ दिवसांसाठी प्रवासातले भारण हाताशी असावेच.

चौथे व शेवटचे, घटमाला बदलणे. लोह-फॉस्फेट लिथियम घटाचे मूळ द्रव्य पाढी, नंजुंडस्वामी व गुडइनफ ह्यांच्या १९९७ च्या संशोधनातून पुढे आले. १०० अँपिअर-तासांच्या अशा घटमालेतील ८० टक्के साठा निर्धास्तपणे वापरता येतो, आणि ती अर्धवट भारित राहिल्याने बिघडत नाही. पण तिचा अंतर्गत रोध फार कमी असल्याने साध्या रिलेमार्फत जोडल्यास ती अल्टरनेटरकडून भरमसाट प्रवाह ओढते, आणि मंद गतीत अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो. म्हणून आधी भारक आणि मग लिथियम, हा क्रम मोडू नये. शून्य अंशाखाली तिचे भारण वर्ज्य आहे; आपल्याकडे तो प्रश्न क्वचितच येईल. परंतु सुमारे ४५ अंशांवरही भारण टाळावयाचे असते, आणि चैत्र-वैशाखात उन्हात बंद उभ्या असलेल्या गाडीत ते तापमान सहज गाठले जाते. घटमाला सावलीच्या, वारा खेळणाऱ्या जागी असावी. जुनी शिसे-अम्ल ठेवावयाची असल्यास वायुवीजन अधिकच आवश्यक आहे, कारण भारणाच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन निघतो.

गाडीच्या रचनेत फेरफार होत असल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम ५२ कडे दुर्लक्ष करू नये.

७. समारोप

घटमालेत किती मावते, ती किती वेगाने घेते आणि त्यातले किती सुरक्षितपणे परत देते, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. ‘भरणे’ हा एकच शब्द तिन्हींना झाकून टाकतो. मोठी घटमाला विकत घेतल्याने केवळ पहिल्याचे उत्तर मिळते. दुसऱ्याचे उत्तर तार आणि भारक देतात, तिसऱ्याचे घटमालेची जात व तिची निगा. क्षेत्रकार्याला निघण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी प्रश्नावलीबरोबर हा हिशेबही कागदावर मांडावा. पठारावरचा निवेदक आपल्याला संध्याकाळचे दोन तास देतो. ते दोन्ही तास पूर्ण टिपले जातील एवढी तयारी आपल्याकडून असली पाहिजे.