चिनी गुलाब : परभणी जिल्ह्याच्या काळ्या मातीत लागवड व अभिवृद्धी

सारांश

चिनी गुलाब (पोर्टुलाका ग्रँडिफ्लोरा) ही दक्षिण अमेरिकेतून आलेली व आपल्या घराघरांत रुळलेली लहान, मांसल, फुलझाडवर्गीय वनस्पती आहे. कमी पाणी व प्रखर ऊन ही तिची आवड असूनही परभणी जिल्ह्यात ती पावसाळ्यात हमखास सडते. याचे कारण हवामानात नसून कुंडीतील काळ्या मातीत आहे, असे प्रस्तुत लेखात प्रतिपादन केले आहे. वनस्पतीची ओळख, तिची पाणी वाचविण्याची रीत, मातीचे मिश्रण, छाट व बियांपासून अभिवृद्धी आणि महाविद्यालयीन अध्यापनातील उपयोग यांचा येथे क्रमाने विचार केला आहे.

बीजसंज्ञा : चिनी गुलाब, मांसल वनस्पती, काळी माती, छाट कलम, सी-४ प्रकाशसंश्लेषण, मराठवाडा

प्रस्तावना

मराठवाड्यात बाग ही संकल्पना पाण्याशी जोडलेली आहे. १९७२ चा दुष्काळ आजही घराघरांत सांगितला जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी पिण्याचे पाणी विकत घेणाऱ्या कुटुंबाकडून अंगणातील फुलझाडांची सर्वप्रथम उपेक्षा होते व ती स्वाभाविकही आहे. परंतु पाण्याची टंचाई म्हणजे फुलांचा अभाव, हे समीकरण अपरिहार्य नाही. ज्या वनस्पतीची घडणच टंचाईसाठी झाली आहे तिची निवड केल्यास भाजी धुतलेल्या पाण्यावरही अंगण फुलू शकते. चिनी गुलाब ही अशीच एक वनस्पती होय.

नाव व ओळख

ही वनस्पती चिनी नाही आणि गुलाबही नाही. तिचे मूळ स्थान अर्जेंटिना, दक्षिण ब्राझील व उरुग्वे हा प्रदेश आहे. जॉन गिलीज यांनी अर्जेंटिनातील मेंडोझाच्या परिसरातून ती प्रकाशात आणली आणि विल्यम जॅक्सन हूकर यांनी १८२९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. सकाळी ऊन चढल्यावर उमलून दुपारनंतर मिटणाऱ्या फुलांमुळे तिला आपल्याकडे 'ऑफिस टाइम' असेही म्हणतात. हिंदी भाषकांत ती 'नौ बजिया' वा 'दस बजिया' आहे, तर व्हिएतनामी भाषेतही तिचे नाव 'दहा वाजताचे फूल' अशाच अर्थाचे आहे. घड्याळाशी जोडलेली ही नावे निरनिराळ्या समाजांनी एकाच गुणावरून ठेवली आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

ही वनस्पती जमिनीलगत पसरते व तिची उंची साधारणपणे १५ ते २० सेंमी असते. पाने बारीक, दंडगोलाकार व रसाळ असतात. पानांच्या बगलेत पांढऱ्या केसांचे झुपके दिसतात. एकेरी फुलाला पाच पाकळ्या असतात. प्रत्येक फूल एकच दिवस टिकते, पण रोज नवी फुले येत राहतात.

आपल्या रानातील घोळ (पोर्टुलाका ओलेरेसिया) व उन्हाळ्यात बाजारात येणारी चिवळ (पोर्टुलाका क्वाड्रिफिडा) या दोन्ही भाज्या हिच्याच प्रजातीतील आहेत. रोपवाटिकांत अलीकडे 'पोर्टुलाका' म्हणून विकली जाणारी रुंद, चपट्या पानांची झाडे बहुधा पोर्टुलाका अंब्राटिकोला या वेगळ्या जातीची किंवा तिच्या संकराची असतात. तिच्या बोंडाभोवती पंखासारखी पातळ कड असते. तिचीही लागवड पुढे सांगितलेल्या पद्धतीनेच करता येते.

पाणी वाचविण्याची रीत

चिनी गुलाबाचे प्रकाशसंश्लेषण मुख्यतः सी-४ पद्धतीने होते. आपल्या जिल्ह्याच्या परिचयाची ज्वारी व ऊस ही पिकेही याच पद्धतीची आहेत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने 'परभणी मोती', 'परभणी शक्ती' यांसारखे ज्वारीचे वाण ज्या हवामानासाठी दिले, त्याच हवामानात हे फुलझाड सुखाने वाढते, यात म्हणूनच नवल नाही. सी-४ वनस्पती कडक उन्हात कमी पाणी खर्चून अधिक अन्न तयार करतात.

या प्रजातीचे वैशिष्ट्य याच्याही पुढचे आहे. पाण्याचा ताण पडला की ती कॅम या दुसऱ्या पद्धतीचाही आश्रय घेते. म्हणजे रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठविते आणि दिवसा तो वापरते. त्यामुळे दुपारी पर्णरंध्रे उघडून पाणी गमावण्याची गरज कमी होते. एकाच वनस्पतीत या दोन पद्धती एकत्र नांदणे दुर्मीळ आहे. घोळीच्या पानात त्या एकाच पेशीत परस्परांशी जोडलेल्या असतात, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले आहे.

पाणी साठविण्याची व्यवस्था पानातच आहे. चिनी गुलाबाच्या पानाच्या आडव्या छेदात मध्यभागी पाणी साठविणाऱ्या मोठ्या पेशी व कडेने वाहक वृंदांची रांग दिसते. असा साठा असणाऱ्या वनस्पतीला वारंवार पाणी घालणे म्हणजे तिच्या मुळांवर संकट ओढवणे होय.

काळी माती : अडचण व उपाय

परभणी जिल्ह्याची जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. जिंतूर तालुक्यातील डोंगराळ भाग सोडला तर, विशेषतः गोदावरीच्या काठाने पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांत, भारी काळी जमीन आढळते. या मातीत मॉन्टमोरिलोनाइट गटातील चिकण खनिजांचे प्रमाण जास्त असते. ती पाण्याने फुगते, वाळली की आक्रसते व भेगाळते. कापूस व रब्बी ज्वारीला तिचा ओलावा धरून ठेवण्याचा गुण वरदान ठरतो. परंतु कुंडीत हाच गुण घातक होतो. फुगलेल्या मातीतील हवेच्या पोकळ्या बंद होतात, मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि बुरशीमुळे ती कुजतात. झाड मलूल दिसते, आपण ते तहानलेले समजून आणखी पाणी घालतो व ते दगावते.

यावर उपाय म्हणजे मातीचे मिश्रण बदलणे. एक भाग काळी माती, दोन भाग जाड वाळू किंवा चाळून धुतलेला बारीक मुरूम आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत वा पालापाचोळ्याचे खत असे प्रमाण योग्य ठरते. वाळू न मिळाल्यास विटांचा चुरा चालतो. मात्र त्यातील पीठ धुऊन टाकावे, अन्यथा ते पुन्हा पोकळ्या भरून काढते. मिश्रण तपासण्याची साधी कसोटी अशी की, ओले करून मुठीत दाबलेला गोळा बोटाच्या हलक्या धक्क्याने फुटला पाहिजे. तो चिकटून राहिल्यास मुरूम वाढवावा.

कुंडीच्या तळाशी खडी वा खापऱ्यांचा जाड थर दिल्याने निचरा सुधारतो, असा समज सर्वत्र आहे. वस्तुतः बारीक मातीतील पाणी खालच्या जाड थरात सहजासहजी उतरत नाही. ते थराच्या वर साचून राहते आणि ओला पट्टा मुळांच्या अधिक जवळ येतो. छिद्रावर एक खापरी ठेवणे पुरेसे आहे. या वनस्पतीची मुळे उथळ असल्याने खोल कुंडीपेक्षा पसरट, छिद्रे असलेले मातीचे भांडे अधिक चांगले.

अभिवृद्धी

(१) छाट कलम : ही सर्वांत सोपी व खात्रीची पद्धत आहे. निरोगी फांदीचा ५ ते ७ सेंमी लांबीचा शेंडा कापावा. खालच्या निम्म्या भागावरील पाने, तसेच कळ्या काढून टाकाव्यात, म्हणजे छाटाची शक्ती मुळांकडे वळते. काप सावलीत काही तास सुकू द्यावा व मग छाट ओलसर मिश्रणात २ ते ३ सेंमी खोल लावावा. पहिले चार-पाच दिवस विरळ सावलीत व नंतर हळूहळू उन्हात न्यावे. उबदार हवेत एक ते दोन आठवड्यांत मुळे धरतात. मुळे फुटविणाऱ्या संप्रेरकाची गरज नसते. छाटाने तयार झालेले झाड मातृवृक्षासारखेच असल्याने दुहेरी फुलांचे व संकरित वाण याच पद्धतीने टिकवावेत.

(२) बियांपासून : या वनस्पतीचे फळ म्हणजे एक लहानसे बोंड असते. पक्व झाल्यावर त्याचे वरचे टोक झाकणासारखे सुटते व आतील करड्या, चमकदार बिया सांडतात. म्हणून बोंड पिवळसर होताच, झाकण सुटण्यापूर्वी तोडून कागदावर वाळवावे. बी अतिशय बारीक असते. एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार बिया भरतात. पेरताना त्यात कोरडी बारीक वाळू मिसळावी. उगवणीस प्रकाश लागत असल्याने बी मातीने झाकू नये, केवळ हलके दाबावे व फवाऱ्याने ओलावा द्यावा. तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर असल्यास एक ते दोन आठवड्यांत उगवण होते. संकरित वाणाच्या बियांपासून आलेली रोपे मूळ झाडासारखी असतीलच असे नाही.

ऋतुमानानुसार निगा

फेब्रुवारीचा उत्तरार्ध व मार्च हा पेरणीस व छाट लावण्यास उत्तम काळ होय. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा झाड बहरात असते. या काळात वरची दोन बोटे माती कोरडी झाल्यावरच, पण छिद्रातून निथळेल इतके पाणी द्यावे. तांदूळ, डाळ वा भाजी धुतलेले पाणी वापरता येते. साबणाचे वा मिठाचे पाणी टाळावे. विंधन विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने मातीवर पांढरा थर आल्यास तो खरवडून काढावा व पहिल्या पावसात कुंडी चांगली धुऊन निघू द्यावी.

जून ते सप्टेंबर हा खरा कसोटीचा काळ आहे. कुंड्या विटांवर उचलून ठेवाव्यात, संततधारेत पत्र्याच्या आडोशाला न्याव्यात आणि प्रत्येक वाणाचे चार-सहा छाट वेगळ्या भांड्यात राखावेत. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पुन्हा छाट लावता येतात. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा वाढ थांबते व झाड वाळल्यासारखे दिसते. ते उपटू नये. दक्षिणेकडील उन्हात ठेवून पाणी अगदी कमी करावे.

रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत फांद्या लांबतात व फुले उमलत नाहीत. खत जास्त झाल्यास पाने माजतात व फुले कमी होतात. पिठ्या ढेकूण व मावा दिसल्यास ग्रस्त शेंडे खुडून नष्ट करावेत. बुडखा काळा पडल्यास झाड वाचविण्याच्या खटपटीपेक्षा वरचा निरोगी शेंडा कापून नव्या मिश्रणात लावणे श्रेयस्कर.

अध्यापनातील उपयोग

मर्यादित निधी असणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयास ही एकच कुंडी अनेक प्रात्यक्षिके देते. पुंकेसरांना काडीने हळूच स्पर्श केल्यास ते स्पर्शाच्या दिशेने वाकतात. वनस्पतीची हालचाल विद्यार्थ्यांना डोळ्यांनी पाहता येते. पाकळ्यांचा रंग जास्वंदीप्रमाणे अँथोसायनिनचा नसून बीटप्रमाणे बीटालेनचा असतो. दोन्ही फुलांच्या अर्कात लिंबाचा रस व खाण्याचा सोडा घालून रंगबदलाची तुलना करता येते. पानाच्या छेदातून सी-४ रचना व बोंडातून झाकणफळ समजते.

घोळीची ओळख याच तासात करून द्यावी. तिच्यासारख्या दिसणाऱ्या जमिनीलगतच्या दुधीवर्गीय तणांचे खोड मोडल्यास पांढरा चीक येतो. घोळीत चीक नसतो. भाजीसाठी वेचणी करताना हा फरक महत्त्वाचा आहे. घोळीत ऑक्झलेटचे प्रमाण जास्त असल्याने मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी ती टाळावी. रोपवाटिकेतील शोभेची झाडे औषधे फवारलेली असू शकतात, म्हणून ती खाऊ नयेत.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, परभणीचे ऊन चिनी गुलाबास अनुकूल आहे, येथील टंचाई त्यास सहन होते आणि केवळ माती व पावसाळा यांबाबत दक्षता हवी. मिश्रण सुधारले, पाणी आवरले व पावसाळ्यापूर्वी छाट राखले, तर एकदा आणलेले झाड वर्षानुवर्षे टिकते. एका कुंडीतून निघणारे छाट शेजारी, शाळेत व महिला बचत गटांत वाटता येतात आणि त्यास खर्च जवळपास येत नाही. दुष्काळी भागातील घराने फुलांचा त्याग न करता पाण्याचा विवेक कसा राखावा, याचा एक लहानसा पण प्रत्यक्ष पाठ या वनस्पतीतून मिळतो.