स्टेंट बसला, पण साखर उंबरठ्यावर!

अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरातला कर्ता माणूस घरी परतला. नवस बोललेला असतो, म्हणून सत्यनारायण घातला जातो, द्रोणभर शिऱ्याचा प्रसाद हातावर पडतो. हॉस्पिटलच्या फाइलमधल्या एका कागदाकडे मात्र कोणाचे लक्ष नसते. उपाशीपोटी रक्तशर्करा ११४. विचारलेच तर उत्तर मिळते, "बॉर्डरवर आहे, मधुमेह नाही." त्या 'नाही'वर सारे घर निर्धास्त होते.

ही बॉर्डर म्हणजे काय? उपाशीपोटी साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम, ग्लुकोजचे पाणी प्यायल्यावर दोन तासांनी १४० ते १९९, किंवा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर ती मधुमेहपूर्व अवस्था. (जागतिक आरोग्य संघटना उपाशीपोटीची रेषा ११० पासून धरते. त्यामुळे एकाच रिपोर्टवर दोन डॉक्टर वेगळे बोलले तर गोंधळून जाऊ नये.) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात अशी माणसे १३ कोटी ६० लाख आहेत, मधुमेहींपेक्षाही जास्त.

हृदयरुग्णांत तर हे प्रमाण चकित करणारे आहे. स्वीडनमध्ये हार्ट अॅटॅक आलेल्या, पण मधुमेह नसल्याचे समजल्या गेलेल्या रुग्णांची घरी सोडताना ग्लुकोज चाचणी घेतली गेली. २००२ साली निष्कर्ष आले: ३१ टक्क्यांना मधुमेह निघाला आणि ३५ टक्के उंबरठ्यावर होते. तिघांपैकी दोघांना आपली साखर बिघडल्याचा पत्ताच नव्हता!

स्टेंट ही धातूची बारीक जाळी. ती रक्तवाहिनीतली अरुंद झालेली एक जागा उघडी धरते, बाकीच्या वाहिन्या पूर्वीच्याच राहतात. शरीर इन्शुलिनला दाद देईनासे झाले, की वाहिन्यांचे आतले अस्तर बिघडते आणि रक्तातल्या गुठळी धरणाऱ्या कणिका चिकट होतात. औषध लावलेल्या स्टेंटमुळे तीच जागा पुन्हा आवळण्याचे प्रमाण खूप घटले, पण दुसरीकडे साचणारी चरबी ते कसे थांबवणार? मधुमेहींना स्टेंटनंतर जास्त त्रास होतो, हे जुने सत्य आहे. उंबरठ्यावरच्यांबद्दल मात्र संशोधकांचे एकमत नाही. काही अभ्यासांत त्यांच्यात पुन्हा अॅटॅक येण्याचे वा पुन्हा अँजिओप्लास्टी करावी लागण्याचे प्रमाण जास्त दिसले, काहींत वजन, रक्तदाब, वय यांचा हिशेब धरल्यावर फरक पुसट झाला. घाबरून जावे असे हे नाही, पण कागद फाइलमध्ये मिटून ठेवावा असेही नाही.

मग एखादी गोळी घेतली की झाले? चीनमध्ये अशाच साडेसहा हजार हृदयरुग्णांना अकार्बोज हे औषध देऊन पाहिले गेले. २०१७ साली निकाल लागला: मधुमेह होण्याचे प्रमाण घटले, हृदयाचे झटके घटले नाहीत. उलट चीनमधल्याच दाचिंग शहरात १९८६ साली उंबरठ्यावरच्या लोकांना सहा वर्षे आहार-व्यायामाची शिस्त लावली होती. तीस वर्षांनी पाहिले, तेव्हा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण त्यांच्यात २६ टक्क्यांनी कमी होते. या लोकांना स्टेंट बसवलेले नव्हते, हे खरे. चेन्नईच्या २००६ सालच्या प्रयोगातही नुसता सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले, शिस्त पाळणाऱ्यांपैकी ३९ टक्के.

ही शिस्त स्वयंपाकघरातूनच सुरू होते. भाताची मूद लहान, उसळ-पालेभाजी जास्त. दिवसाचे चार गोड चहा, उपासाची साबुदाण्याची खिचडी आणि भेटायला येणाऱ्यांनी प्रेमाने आणलेले फळांचे रस, इथेच साखर लपते. रोजचे चालणे किती आणि कधी, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

अॅटॅकच्या ताणाने साखर तात्पुरती चढते, म्हणून दीड-दोन महिन्यांनी चाचणी पुन्हा करून घ्यावी लागते. फेरतपासणीला जाताना घरच्यांनी जुनी फाइल बरोबर न्यावी, त्या ११४ च्या आकड्यावर बोट ठेवावे आणि एचबीए१सी कधी करायची ते विचारून घ्यावे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मात्र, साखर कितीही छान आली तरी, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत.