लेबलवर ‘बायोडिग्रेडेबल’ लिहिताय? आधी अ‍ॅसिड स्लरीचं पुढे काय होतं ते बघा

भांडी घासायचं लिक्विड कसं बनवायचं ते आपण व्हिडिओत बघितलं. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: “सर, बाटलीवर ‘बायोडिग्रेडेबल, इको-फ्रेंडली’ छापू का?” त्याचं उत्तर नीट समजून घ्या, कारण यात तुमचा पैसाही आहे आणि नदीही.

आपल्या लिक्विडचा मुख्य माल म्हणजे अ‍ॅसिड स्लरी. कॉस्टिक किंवा सोडा अ‍ॅश टाकून आपण ती न्यूट्रल करतो. तिच्या प्रत्येक कणाला एक डोकं आणि एक शेपटी असते. डोकं पाण्याला धरतं, शेपटी तेलाला. म्हणून चिकटपणा निघतो.

सगळा खेळ या शेपटीचा आहे. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत जो माल वापरायचे, त्याच्या शेपटीला फांद्या होत्या. जिवाणूंना त्या तोडता येईनात. नद्यांवर फेसाचे ढीग साचले. मग जर्मनीचा कायदा १९६४ मध्ये लागू झाला आणि १९६५ पर्यंत अमेरिकेतल्या कंपन्यांनीही सरळ शेपटीचा माल धरला. फांद्यांवाल्याला ‘हार्ड’ आणि सरळवाल्याला ‘सॉफ्ट’ म्हणतात. खरेदी करताना सप्लायरला हा प्रश्न विचाराच, आणि उत्तर कागदावर घ्या.

सरळ शेपटी जिवाणू टोकापासून खात येतात, एका वेळी दोन-दोन कार्बन. शेपटी तुटायला लागली की फेस जातो, विषारीपणाही बराच कमी होतो. पण काम तिथे संपत नाही. नंतर डोक्याकडचं कडं फुटतं आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि सल्फेट उरतं. म्हणजे फेस गेला की सगळं संपलं, असं समजू नका.

आता महत्त्वाची अट. या कामाला हवा लागते. वाहत्या, हवा खेळणाऱ्या पाण्यात ते काही तासांपासून काही दिवसांत सुरू होतं. सेप्टिक टँकमध्ये, नालीच्या काळ्या गाळात हवाच नसते. तिथे हाच ‘सॉफ्ट’ माल जवळपास तसाच पडून राहतो. एकच माल, पण जागा बदलली की वागणूक बदलते.

आपल्या पवनारचंच घ्या. धाम नदी विनोबांच्या आश्रमाजवळून वाहते. उन्हाळ्यात धार बारीक होते, पाणी कमी, तेव्हा मिसळायला जागाही कमी. एक हिशोब करू. तुमच्या लिक्विडमध्ये १० टक्के सक्रिय घटक आहे आणि ड्रमच्या तळाशी १ लिटर माल उरला. म्हणजे साधारण १०० ग्रॅम. लिटरमागे काही मिलिग्रॅम एवढ्यावरच माशांना त्रास होतो. ५ मिलिग्रॅम धरा, तर तेवढा माल २०,००० लिटर पाण्याला पुरतो. दहा हजारांचे दोन टँकर!

म्हणून ड्रम धुतलेलं पहिलं पाणी नालीत सोडू नका. झाकून ठेवा, पुढच्या बॅचला तेच वापरा. माल वाचतो, नदी वाचते.

दोन गोष्टी अजून. घट्टपणासाठी टाकलेलं मीठ कधीच ‘तुटत’ नाही, ते पाण्यात राहतं. आणि पांढऱ्या फिनाईलमध्ये काही जण ‘एनपी’ नावाचा स्वस्त इमल्सिफायर टाकतात. तो तुटतो, पण तुटून नोनिलफेनॉल बनतं. ते जास्त टिकतं आणि माशांच्या हार्मोन्समध्ये गडबड करतं. युरोपने २००३ च्या निर्देशाने साफसफाईच्या मालात त्याच्यावर बंदी घातली. तुटलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नेहमी नसतं.

मग लेबलचं काय? ‘सहज विघटनशील’ म्हणायला जगभर एक चाचणी मानतात: २८ दिवसांत किमान ६० टक्के विघटन. स्लरीचा रिपोर्ट असेल तर तो स्लरीचा आहे, तुमच्या अख्ख्या बाटलीचा नाही. रंग, सुगंध, घट्ट करणारा माल वेगळा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार पर्यावरणाचा दावा केला तर पुरावा हवा. आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पहिल्याच वेळी १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. घरून व्यवसाय करतो म्हणून सूट मिळेल, असं धरून चालू नका.

माझा सल्ला: “सरळ साखळीची स्लरी वापरली आहे” एवढंच लिहा, तेही सप्लायरचा कागद फाईलला लावून. मालाबद्दल शंका असेल तर वर्ध्यात मगनवाडीला ‘एमगिरी’ आहे, ग्रामीण उद्योगांसाठीची केंद्र सरकारची संस्था. तिथे रासायनिक उद्योगांचा विभाग आहे. जाऊन विचारा.

बाटली विकली गेली की ग्राहक पैसे देतो. पण माल तिथे संपत नाही, तो नालीतून पुढे जातो. तुमच्या गावची नाली कुठे मिळते, ते आज चालत जाऊन बघा आणि खाली कमेंटमध्ये लिहा.