चर्चमधला ‘प्रसाद’ सगळ्यांना का दिला जात नाही? समजून घ्या मिस्साचा अर्थ

नाताळच्या सुट्टीत महाड, पोलादपूरमार्गे गोव्याला जाणारे अनेक जण तिथल्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना पाहायला जातात. शेवटाकडे लोक रांगेने वेदीकडे निघाले की प्रश्न पडतो, आपणही जायचे का? थोडक्यात उत्तर : नाही. पण का?

रांगेत काय मिळते?
गव्हाच्या पिठाची, खमीर न घातलेली छोटी, पातळ चकती. ती स्वीकारणे म्हणजे कम्युनियन. क्रुसावर चढवले जाण्याच्या आदल्या रात्री येशूने शिष्यांना भाकर आणि द्राक्षारस दिला; हे माझे शरीर, हे माझे रक्त, असे म्हटले. धर्मगुरू मिस्सामध्ये तेच शब्द उच्चारतात.

प्रसादापेक्षा वेगळे काय?
रूप आणि चव भाकरीचीच राहते. पण ती खरोखर ख्रिस्त होते, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने 1551 मध्ये हीच शिकवण ठामपणे मांडली. म्हणून उरलेल्या चकत्या खास पेटीत ठेवतात आणि जवळ दिवा तेवत असतो. अनेक प्रोटेस्टंट पंथ मात्र ‘प्रभुभोजन’ हे मुख्यतः स्मरण मानतात.

कोण घेऊ शकते?
बाप्तिस्मा आणि पूर्वतयारी झालेले कॅथलिक. गंभीर पाप घडले असेल तर आधी पापनिवेदन करावे लागते. कम्युनियनपूर्वी किमान 1 तास उपवास असतो.

एक पंगत, पण...
एका भाकरीत वाटेकरी झालेले सारे एक, हा या विधीचा गाभा. पण पहिल्याच शतकात करिंथमध्ये श्रीमंत आधी जेवत आणि गरीब उपाशी राहत. त्यावरून संत पौलाने त्यांना खडसावले होते. पाण्यावरच्या समान हक्कासाठी 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह पाहिलेल्या महाडला ही गोष्ट परकी नाही. भारतातील चर्चमध्येही जात शिरली. कॅथलिक बिशप परिषदेने 2016 मध्ये दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर करताना ते मान्य केले.

पाहुण्यांनी काय करावे?
जागेवरच बसावे. चुकून चकती हाती आलीच, तर खिशात ठेवू नये किंवा घरी नेऊ नये. धर्मगुरूंना परत द्यावी. अनेक ठिकाणी छातीवर हात दुमडून पुढे गेल्यास फक्त आशीर्वाद मिळतो.

मिस्सा पाहायला गोवाच गाठायला हवे असे नाही. रायगडमध्येच, मुरूड तालुक्यातल्या कोर्लईत पोर्तुगीज काळापासूनची कॅथलिक वस्ती आहे.