दिवस खरेच वाईट आले काय? भिवंडीच्या मागाचा एक हिशेब

कोणत्याही पेठेत दुकानाच्या पायरीवर दोन माणसे बसली की बोलणे फिरून फिरून एकाच ठिकाणी येते. या देशात जगणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे, धंदा राहिला नाही, पैशात बरकत राहिली नाही, माणूस माणसाला ओळखेनासा झाला. हेच शब्द आपल्या वडिलांच्या तोंडून आपण ऐकले आणि त्यांनी त्यांच्या वडिलांच्या. तेवढ्याने ते खोटे ठरत नाहीत. परंतु तपासल्याशिवाय खरेही धरता येत नाहीत, आणि व्यापारी माणसाने तर धरूच नयेत. त्याच्याजवळ खातेवही असते.

ही तपासणी करायला भिवंडीइतके सोयीचे गाव दुसरे नाही. तेथील एका यंत्रमाग कारखान्यात नुकतेच बापलेकांचे बोलणे कानावर पडले. बाप सत्तरी ओलांडलेला, गादीवर नुसता बसून असतो. चोवीस माग आता मुलगा पाहतो. त्यांतले दहा बंदच होते.

बाप म्हणाला, "आमच्या वेळी माग बंद ठेवायला फुरसत नव्हती, बेटा. बीम उतरला की व्यापारी दारात उभा."

मुलगा म्हणाला, "अब्बा, तुमच्या वेळी सुरतेला फोन लावायला अर्धा दिवस जात होता, हे पण सांगा ना."

दोघेही खरे बोलत होते. म्हणून त्यांचा हिशेब बाजू बाजूने मांडून पाहू.

बापाचे दिवस

१८५७ च्या बंडानंतर उत्तरेतील मोमीन विणकर घरदार सोडून दक्षिणेकडे निघाले आणि मालेगाव, भिवंडी अशा गावांत स्थिरावले, हा इतिहास आपल्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. हातमागाची जागा पुढे यंत्रमागाने घेतली. परंतु भिवंडीचे ज्याला सोन्याचे दिवस म्हणतात ते आले १८ जानेवारी १९८२ नंतर. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. गिरण्या थंडावल्या, पण देशाला कापड लागतच होते. ते काम भिवंडीकडे वळले आणि येथे गल्लोगल्ली मागांचा खडखडाट वाढला.

म्हणजे ज्या वर्षांची आठवण काढून म्हातारा कारखानदार हळहळतो, त्याच वर्षांत लालबाग-परळच्या चाळींत कामगारांच्या बायका दागिने मोडून चूल पेटवीत होत्या. त्या चाळीतला म्हातारा १९८२ ला सोन्याचे साल म्हणणार नाही. चांगले दिवस कोणाचे, हे विचारल्याशिवाय या प्रश्नाला हात घालता येत नाही.

आणि खुद्द भिवंडीचे तरी? मे १९७० मध्ये या गावात भीषण दंगल झाली होती. मे १९८४ मध्ये पुन्हा झाली; माणसे गेली, माग जळाले, कारखाने राख झाले. बापाच्या आठवणीत दारात उभा असलेला व्यापारी आहे आणि जळालेले मागही आहेत, फक्त व्यापारी आधी आठवतो. हे माणसाच्या स्वभावातच आहे, त्याला दोष देण्याचे कारण नाही.

यातली एक गोष्ट मात्र आवर्जून सांगावीशी वाटते. १९८४ च्या अनुभवानंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. प्रत्येक वस्तीतील हिंदू आणि मुसलमान, मागवाला, पानवाला, शिक्षक यांना पोलीस ठाण्यात नियमाने एकत्र बसवले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. कोणत्याही तक्रारखोर बैठकीत हे उदाहरण निघत नाही. निघायला हवे, कारण त्या गावात दहा वर्षांच्या आत जगणे सुधारले होते आणि ते आपोआप सुधारले नव्हते.

मुलाच्या बाजूला काय जमा

आता मुलाची बाजू. टेलिफोनसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहण्याचे दिवस गेले. कापडाचा नमुना सुरतेच्या व्यापाऱ्याला आज मिनिटात दिसतो. भिसीत जेवणारा उत्तर प्रदेशचा किंवा तेलंगणाचा कामगार पूर्वी मनीऑर्डर करून पोच येण्याची वाट पाहायचा, आता तो मागाजवळ उभा राहूनच घरी पैसे पाठवतो. त्याचे रेशनकार्ड गावचे असले तरी धान्य येथे उचलता येते, आणि १ जानेवारी २०२३ पासून ते अन्नसुरक्षा कायद्याखालील कुटुंबांना मोफत आहे.

विजेचेही तसेच. भारनियमनाच्या काळात मागवाल्याचा अर्धा दिवस विजेची वाट पाहण्यात जात असे. २६ जानेवारी २००७ पासून भिवंडीचे वीजवितरण खासगी कंपनीकडे गेले. त्या कंपनीच्या बिलांवर आणि मीटरवर गावात कमी भांडणे झालेली नाहीत. पण वीज येत नाही ही तक्रार बिल फार येते या तक्रारीत बदलली, हे तिचे विरोधकही मान्य करतील.

सर्वांत मोठी जमा मात्र खातेवहीत कोणी लिहीत नाही. १९९० मध्ये या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी ८० मुले पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत. २०२० मध्ये हा आकडा २८ वर आला. महाराष्ट्रात तर १६ वर. ज्या आयांनी मूल पुरले त्यांना विचारा, पूर्वी बरे होते काय.

मग तक्रार कशाची? मुलगा सुखात असायला हवा होता. तो नाही. त्याचे दहा माग बंद आहेत, आणि गल्लीतल्या शेजाऱ्याने तर सगळे माग भंगारात वजनावर विकून गाळा भाड्याने दिला आहे. माणकोली, काल्हेर, दापोडे या बाजूला मोठमोठी गोदामे उभी राहिली आहेत. ऑनलाइन विकणाऱ्या कंपन्यांचा माल तेथे उतरतो. कालचा विणकर किंवा त्याचा मुलगा आज तेथे खोकी उचलतो. पगार ठरलेला मिळतो, हुनर मात्र घरीच गंजते.

बरकत कोठे गेली

"पैशात बरकत नाही" हे वाक्य आपण नशिबाच्या खात्यावर टाकतो. वस्तुतः त्याचा बराचसा हिशेब मांडता येतो.

कारखानदार सांगतो की पूर्वी मालाचे पैसे महिना-दीड महिन्यात सुटत, आता तीन-चार महिने लागतात. उदाहरणापुरते धरू की एखाद्याचे भांडवल ५ लाख आहे आणि प्रत्येक फेऱ्यात त्याला ४ टक्के, म्हणजे २०,००० रुपये सुटतात. पैसे ४५ दिवसांनी परत आले तर भांडवल वर्षातून आठ वेळा फिरते आणि १,६०,००० रुपये घरात येतात. तेच पैसे १२० दिवसांनी आले तर भांडवल तीनदाच फिरते आणि हाती ६०,००० उरतात. माल तोच, भाव तोच, मेहनत तीच, नफ्याचा टक्काही तोच. एक लाख रुपये गेले, आणि ते कोणी चोरलेले नाहीत. ते दुसऱ्याच्या गल्ल्यात तीन महिने अडकून होते, एवढेच.

यात सुताच्या भावाची भर पडते. मे २०२२ मध्ये कापसाच्या एका खंडीचा, म्हणजे ३५६ किलोचा, भाव एक लाख रुपयांवर गेला होता. पुढल्या वर्षी तो साठ हजारांच्या आसपास उतरला. ज्याने चढ्या भावाचे सूत भरले आणि उधारीवर कापड दिले, तो दोन्हीकडून कापला गेला. मोठी गिरणी असा झटका सोसते. चोवीस मागांचा धनी बायकोच्या बांगड्यांकडे पाहतो.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीने चलनातील मूल्याने सुमारे ८६ टक्के नोटा एका रात्रीत बाद झाल्या. पंधरवड्याचा पगार रोखीने देणाऱ्या या गावाचा श्वासच अडकला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. जकातनाक्यावरची रांग आणि तेथील चिरीमिरी संपली हे बरे झाले, परंतु हिशेबनीस ठेवणे ज्याला परवडत नाही त्याच्यावर दरमहाची कागदपत्रे आली. कृत्रिम धाग्यावर कर जास्त आणि कापडावर कमी, या उलट्या रचनेत विणकरांचे पैसे वर्षानुवर्षे गुंतून पडले. २२ सप्टेंबर २०२५ पासून कृत्रिम सुतावरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला गेला, तेव्हा कोठे ती गाठ सुटली. आणि मार्च २०२० ची टाळेबंदी. माग थांबले, भिसी बंद झाली, आणि कामगार नाशिक महामार्गाने कसाऱ्याच्या दिशेने पायी निघाले. त्याच वर्षी २१ सप्टेंबरच्या पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी इमारत कोसळून तीसहून अधिक जीव गेले.

या सगळ्यांत कामगाराची पाळी मात्र बदलली नाही. ती १९८२ मध्ये बारा तासांची होती, आजही बारा तासांचीच आहे. दिवस सुधारले की बिघडले, या आपल्या चर्चेत त्याला कोणी विचारत नाही. तो मागावर असतो.

जे आकड्यांत मावत नाही

मुसलमान कारागिराची एक चिंता निराळी आहे आणि ती लपवून उपयोग नाही. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गोवंश हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. कुरेशी बांधवांचा पिढीजात धंदा आखडला, आणि त्यांच्याबरोबर कातडे कमावणारे व चपला शिवणारे कारागीरही अडचणीत आले, ज्यांत मोठा भाग हिंदू समाजातील आहे. अमक्याकडून खरेदी करू नका, अशी हाकाटी अधूनमधून उठते. रस्त्यावर हातगाडी लावणाऱ्याच्या पोटात त्या दिवशी गोळा येतो. त्याला सरासरी आयुर्मान वाढल्याचे सांगून काय होणार?

पण येथेही १९८४ समोर ठेवावे लागते. भीती नवी नाही. नवे हे आहे की ती आता मोबाइलवर रोज सकाळी घरात येते, दूरच्या गावातली घटनाही आपल्याच गल्लीत घडल्यासारखी वाटते आणि शेजाऱ्याने काल उधार दिलेले दूध आठवत नाही.

सुखसोयी वाढल्या आणि शाश्वती घटली, असा हा हिशेब निघतो. बापाकडे फोन नव्हता, पण पुढच्या महिन्यात काम असेल हे त्याला ठाऊक होते. मुलाच्या खिशात सारे जग आहे आणि पुढच्या बीमचे सूत कोणाकडून येणार हे त्याला सांगता येत नाही.

आपल्या हातातले

यातले पुष्कळसे आपल्या हाताबाहेरचे आहे. उधारीचे तसे नाही. सूक्ष्म किंवा लघुउद्योगाकडून घेतलेल्या मालाचे वा कामाचे पैसे करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, असे २००६ चा कायदा सांगतो. तो कागदावरच होता. २०२३ च्या अर्थसंकल्पाने त्याला आयकराशी जोडले. मुदतीत पैसे न देणाऱ्या खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा धरता येत नाही, म्हणजे त्याच्यावर कर वाढतो. बहुतेक यंत्रमाग कारखाने सूक्ष्म उद्योगातच बसतात. अट एवढीच की 'उद्यम' नोंदणी हवी; ती बिलावर दिसलेली बरी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. थकबाकीची तक्रार सरकारच्या पोर्टलवर करता येते. कायद्यात उशिराबद्दल व्याजाचीही तरतूद आहे. ज्याला व्याज नको त्याने निदान मुद्दल मागायला लाजू नये.

तरतूद आली तशी पळवाटही आली. काही खरेदीदारांनी कारागिरांना नोंदणी रद्द करायला सांगितले, काहींनी नोंदणी नसलेल्यांकडे ऑर्डरी वळवल्या. आणि हे खरेदीदार परके नाहीत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत मागवाल्याचे पैसे अडकवून ठेवणाऱ्यांत आपले नातलग, आपल्याच मोहल्ल्यातले, जुम्म्याला शेजारी उभे राहणारे आहेत. देश बिघडला असे सर्वांत मोठ्याने तेच सांगतात. मजुरी वेळेवर देण्याबद्दल आपल्याला नव्याने कोणी शिकवण्याची गरज नसावी.

त्या कारखान्यातून निघताना मुलगा दोन चिठ्ठ्या पुढे ठेवून बसला होता. एकीवर गाळा भाड्याने मागणाऱ्याने लिहिलेली रक्कम होती. दुसरीवर तीन व्यापाऱ्यांची नावे आणि त्यांच्याकडे चार महिन्यांपासून थकलेले आकडे. बापाने चष्मा लावून दुसरी चिठ्ठी उचलली, पहिल्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाला, "याच्या वडिलांना मी ओळखतो. चल, आजच जाऊन येऊ."