फाल्गुनातील मेळघाट : फिरत्या घरासह प्रवासाची तयारी

फाल्गुन लागला की वऱ्हाडच्या सपाटीवर उन्हाचा चटका जाणवू लागतो, पण उत्तरेकडील गाविलगडच्या डोंगररांगेवर पहाटेचा गारवा अजून टिकून असतो. पळस फुललेला असतो, सागाची पाने गळून जमिनीवर त्यांचा थर साचलेला असतो आणि मोहाच्या झाडाखाली फुले पडू लागण्याचे दिवस जवळ आलेले असतात. गुरुकुंज मोझरी येथे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीचे दर्शन घेऊन चिखलदरा व मेळघाटकडे वळणाऱ्या प्रवाशांना हा काळ सोयीचा वाटतो. झोपण्याची जागा, लहानसे स्वयंपाकघर आणि पाण्याची टाकी असलेले वाहन, म्हणजेच कॅरॅव्हॅन, घेऊन निघण्याकडेही अलीकडे काही कुटुंबांचा कल दिसतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. अशा प्रवासाची पूर्वतयारी कशी असावी आणि वाटेवरील गावांनी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार म्हणूनच अगत्याचा ठरतो.

वाट आणि हवामान

तिवसा तालुक्यातील गुरुकुंज मोझरी हे नागपूर–अमरावती राष्ट्रीय महामार्गावर असून अमरावतीपासून सुमारे ३५ कि.मी. अंतरावर आहे. तेथून अमरावती, परतवाडा आणि पुढे घाटमार्गे चिखलदरा हा प्रवास सव्वाशे कि.मी.च्या आसपास भरतो. अंतर फार नाही. परंतु चढ बराच आहे. अमरावती शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३४० मीटर, तर चिखलदरा सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. दर हजार मीटर उंचीमागे हवेचे तापमान साधारणपणे साडेसहा अंशांनी उतरते. या हिशेबाने खाली व वर यांत सुमारे पाच अंशांचा फरक पडतो. दुपारी सुती कपडे पुरत असले तरी पत्र्याच्या गाडीत पहाटे पांघरूण लागतेच.

या ऋतूत आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे लागते. फेब्रुवारी–मार्चमध्ये विदर्भात अवकाळी पाऊस व गारपीट होण्याचा अनुभव नवा नाही. २०१४ च्या फेब्रुवारी–मार्चमधील गारपिटीने राज्यातील शेतीचे मोठे नुकसान केले होते. निघण्यापूर्वी हवामान खात्याचा अंदाज पाहावा. वादळी हवेत गाडी मोठ्या झाडाखाली अगर नाल्याच्या पात्रात उभी करू नये.

घाट उतरण्याचे गणित

वाहनाच्या तपासणीत पहिला मान ब्रेकचा. फिरत्या घराचे वजन सामान, पाणी व माणसे धरून सहज तीन टनांवर जाते. एवढे वजन चिखलदऱ्याहून परतवाड्यापर्यंत सुमारे सातशे मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे साठ लिटर थंड पाणी उकळीला आणण्याइतकी ऊर्जा कोठेतरी खर्ची पडावी लागते. काही भाग हवेचा विरोध व इंजिन घेते. उरलेला सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक सतत दाबून धरल्यास ते तापतात, त्यांची पकड सुटू लागते, आणि ब्रेकचे तेल जुने व पाणी शोषलेले असेल तर पायदान सरळ खाली जाते.

यावर उपाय सोपा आहे. ज्या गिअरमध्ये घाट चढला त्याच, किंवा त्याहून खालच्या, गिअरमध्ये तो उतरावा. ब्रेक थोडा वेळ लावून सोडावा. गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये. जळका वास आल्यास सुरक्षित जागी थांबून चाके आपोआप निवू द्यावीत. त्यांवर पाणी ओतू नये. निघण्यापूर्वी ब्रेकचे तेल, रेडिएटरमधील पाणी, जादा चाक आणि चाकांतील हवा पाहून घ्यावी. हवा गाडी थंड असतानाच मोजावी, कारण चालून तापलेल्या चाकात दाब अधिक दिसतो.

सामान भरतानाही हाच विचार हवा. जड वस्तू खाली व मध्यभागी, हलक्या वस्तू वर ठेवाव्यात. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो असते. चार माणसांना दोन दिवस दरडोई पंधरा लिटर धरले तरी १२० किलोंचा भार होतो. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी वळणावर एका बाजूस धावते. म्हणून आडपडदे असलेली टाकी चांगली. मूळ वाहनात बदल करून ते घरासारखे केले असल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार त्या बदलास प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मान्यता असणे आवश्यक आहे.

गाडीतील चूल

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यास तो खाली बसतो आणि फरशीलगत साचून राहतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारे छिद्र असावे, रबरी नळी वेळेवर बदलावी आणि चालत्या गाडीत सिलिंडरची कळ बंद ठेवावी. उबेसाठी बंद गाडीत शेगडी पेटवून झोपणे जिवावर बेतू शकते. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या विस्तवातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठण्याची संधी देत नाही. थंडीवर पांघरूण हाच खात्रीचा उपाय होय.

एका ठिणगीचे मोल

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या पाच नद्या येथून तापीला मिळतात. देशात १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाची योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होता. फाल्गुनात हे अरण्य वाळलेल्या पानांच्या अंथरुणावर उभे असते. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या दृष्टीने आगीचा हंगाम. जाळरेषा काढल्या जातात, मजूर रात्रंदिवस लक्ष ठेवतात. तरीही एक जळती विडी किंवा न विझवलेली चूल अनेकांचे श्रम व्यर्थ घालवू शकते. वणव्यात गवत व रोपे जातात, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जातात; आणि ज्या कुटुंबांच्या वर्षाच्या हिशेबात मोहफुले व तेंदूपान यांना मोठे स्थान आहे त्यांची कमाईही जाते.

राखीव वनात विस्तव पेटविण्यास भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार आणि अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार मनाई आहे. वाटेत दिसेल त्या मोकळ्या जागी गाडी उभी करून मुक्काम करणेही चालत नाही. चिखलदरा, सेमाडोह, कोलकास अशा ठिकाणच्या मुक्कामाची व्यवस्था, प्रवेशाचे परवाने आणि रात्रीच्या वाहतुकीचे नियम यांची माहिती वनविभागाकडून आधीच घ्यावी. वणवा दिसल्यास १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवावे. जंगलात अनेक ठिकाणी दूरध्वनीची लहर मिळत नाही. म्हणून प्रवासाचा मार्ग व परतण्याची वेळ घरी लिहून ठेवणे शहाणपणाचे. प्रथमोपचाराची पेटी आणि नित्याची औषधे जवळ असावीतच.

फगव्याचे दिवस

होळी हा कोरकू बांधवांचा सर्वांत मोठा सण. होळीनंतरचे काही दिवस गावोगावचे स्त्री-पुरुष रस्त्यावर येऊन गाणी-नाच करतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून फगवा मागतात. अनोळखी प्रवाशास वाट अडविली असे वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः तो सणाचा मान आहे. थोडी सुटी नाणी-नोटा जवळ ठेवाव्यात, गाडी हळू करावी, हसतमुखाने फगवा द्यावा आणि विचारल्याशिवाय कोणाचे छायाचित्र घेऊ नये.

पाणी, कचरा आणि ग्रामपंचायत

उन्हाळा वाढू लागताच डोंगरावरील गावांत पाण्याची ओढ सुरू होते. पाहुण्याने टाकी परतवाड्यासारख्या खालच्या गावी भरून घ्यावी. डोंगरावरच्या हातपंपाशी रांग लावू नये. वन्यप्राण्यांच्या पाणवठ्यावर भांडी वा कपडे धुऊ नयेत. शौचालयाची टाकी नाल्यात रिकामी करणे हा गुन्ह्याहून मोठा अविचार आहे, कारण तोच नाला खाली कोणाच्या तरी पिण्याचा असतो. प्लॅस्टिक व उरलेले अन्न गाडीतूनच परत आणावे.

याच गरजांत गावांसाठी संधीही आहे. सपाट, सावलीची, रस्त्यालगतची जागा, स्वच्छ शौचालय, सांडपाण्याचा शोषखड्डा, विजेची जोडणी आणि बचत गटाच्या हातचे जेवण एवढी सोय करणारी ग्रामपंचायत माफक शुल्क घेऊ शकेल. जागा वनक्षेत्राबाहेरची असावी. चिखलदरा व धारणी हे तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्याने तेथे १९९६ च्या पेसा कायद्याप्रमाणे ग्रामसभेचा विचार प्रथम घेतला जावा. शाळांच्या सहली नेणाऱ्या शिक्षकांनीही घाटाचे गणित व वणव्याची कारणे निघण्यापूर्वी वर्गात समजावून दिली, तर सहल हाच एक पाठ होईल.

गावाची स्वच्छता हे तुकडोजी महाराजांनी लोकशिक्षणाचे एक साधन मानले आणि १९३५ मध्ये स्थापन झालेल्या गुरुकुंज आश्रमातून तो विचार खेडोपाडी पोहोचविला. त्या भूमीवरून निघणाऱ्या प्रवाशाने मुक्काम उठविल्यावर एकदा मागे वळून पाहावे. जागेवर राख नाही, कागद नाही, फक्त चाकांची खूण आहे, एवढे दिसले म्हणजे तयारी पुरी होती असे समजावे.