कडूकवठाचे तेल, नरक्याचे मूळ

सह्याद्रीच्या सदाहरित वनांत, ओढ्याकाठच्या गर्द सावलीत कडूकवठ नावाचा वृक्ष वाढतो. कवठासारखे टणक कवचाचे गोल फळ, आत तेलकट बिया आणि नावातच सांगितलेली चव. सुश्रुतसंहितेने त्याला तुवरक म्हटले आहे. तो पश्चिम समुद्राच्या काठी मिळतो असे सांगून त्याचे तेल कुष्ठावर योजले आहे. अरण्यातील वनस्पतींतून जीवाणूनाशक द्रव्ये शोधण्याचा खटाटोप आज जगभर चालू आहे. त्या परीक्षेला आपल्याच डोंगरातील हा वृक्ष फार पूर्वी बसला होता, याचे स्मरण मात्र थोड्यांना असते.

कुष्ठरोग जीवाणूमुळे होतो, हे नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी १८७३ मध्ये दाखविले. कारण कळले, उपाय मात्र कळला नाही. मिरजेत विसाव्या शतकाच्या आरंभापासून रिचर्डसन कुष्ठरुग्णालय रुग्णांना आसरा देत आले. त्या काळी अशा रुग्णालयांतील डॉक्टरांपाशी नाव घेण्याजोगे एकच औषध होते, ते म्हणजे कडूकवठाच्या जातीतील बियांचे तेल. ते पोटात घेतले की उलट्या होत. टोचावे तर दाट तेल कातडीखाली गाठी होऊन राहत असे. १९०४ च्या सुमारास लंडनमध्ये फ्रेडरिक पॉवर यांनी त्यातील आम्ले वेगळी केली. त्यांना टोचण्याजोगे रूप हवाई बेटांवरील अ‍ॅलिस बॉल या तरुणीने दिले आणि १९१६ मध्ये, अवघ्या चोविसाव्या वर्षी, ती निवर्तली. आरंभीच्या अवस्थेतील काही रुग्णांना गुण येई; पुष्कळांचा रोग पुन्हा उलटे. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे सल्फोन गटातील औषधाचा प्रयोग सुरू झाला, त्यातून डॅप्सोनचा मार्ग खुला झाला आणि शतकानुशतकांचे हे तेल रुग्णालयांतून निघून गेले.

वनस्पतींतील द्रव्ये जीवाणूंपुढे बहुधा अशी दुबळी का पडतात, याचे एक उत्तर शोधाच्या रीतीतच दडले आहे. प्रयोगशाळेत पान, साल वा बी वाळवून कुटतात आणि त्याचा अर्क अल्कोहोलात उतरवतात. जीवाणू वाढविलेल्या थाळीवर त्या अर्कात बुडविलेली कागदाची चकती ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ वलय दिसले तर अर्कात काही आहे असे समजायचे. मग त्याचे भाग पाडायचे, जो भाग वलय देईल तो ठेवायचा, उरलेला टाकायचा. धान्य पाखडावे तशी ही रीत आहे. पण पाखडताना कधी कधी दाणाही उडून जातो.

२००० साली अमेरिकेतील फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस यांच्या गटाने हे दाखवून दिले. दारुहळदीच्या कुळातील झुडपांत बर्बेरीन असते. ते जीवाणूच्या पेशीत शिरते, पण पेशीच्या आवरणातील प्रथिनांचे पंप ते उपसून बाहेर फेकतात. त्याच झुडपांत या गटाला दुसरे एक द्रव्य सापडले. एकटे असताना ते जीवाणूला काहीच करत नाही. बर्बेरीनच्या सोबतीला असले की पंप बंद पाडते आणि मग बर्बेरीन प्रभावी होते. चकतीच्या कसोटीवर ते नापासच झाले असते. त्याचे नाव मेथॉक्सिहायड्नोकार्पिन. कडूकवठाच्या शास्त्रीय नावावरून ते पडले आहे, कारण या द्रव्याची पहिली नोंद त्या जुन्या कुष्ठतेलातील एक गौण घटक म्हणून झाली होती.

सांगलीच्या पेठेत ज्यांच्या पिढ्या हळदीच्या व्यापारात गेल्या, त्यांनी थाळी आणि रुग्ण यांतील हे अंतर विशेष ध्यानात घ्यावे. हळदीतील कुर्क्युमिन जीवाणूंना रोखते, असा निबंध १९४९ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात आला होता. परंतु ते पाण्यात विरघळत नाही, शरीरात लवकर विघटित होते आणि चाचण्यांत खोटा कौल देण्याची त्याची खोड आहे, असे २०१७ च्या एका विस्तृत समीक्षेने नोंदविले. राजापुरी हळदीचा रंग आणि गुण स्वयंपाकघरात निर्विवाद आहेत. पुडक्यावर ‘जीवाणूनाशक’ छापणे हा वेगळा दावा झाला.

औषध सिद्ध व्हायला दशके लागतात. भाव मात्र पहिल्या बातमीनेच चढतो, आणि तो कोणावर चढतो हे नरक्याने दाखविले. नंदुरबार येथे जन्मलेले मनसुख वाणी यांनी मन्रो वॉल यांच्यासमवेत १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगविरोधी द्रव्य प्रसिद्धीस आणले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांना तेच द्रव्य आपल्या नरक्यात भरपूर आढळले. त्यापासून बनलेल्या दोन औषधांना १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि सह्याद्रीत कुऱ्हाड चालू लागली. कडूकवठाची बी वेचली तर झाड उभे राहते. नरक्यातील द्रव्य मात्र मुळात आणि खोडात साठलेले. बुंध्यावर तोडलेला नरक्या पुन्हा फुटतो, मुळासकट उपटलेला फुटत नाही. जांभळाच्या झाडाखालचे सहा प्रवासी आणि त्यांच्या सहा लेश्या मंदिराच्या भिंतीवर पाहत वाढलेल्या वाचकाला यावर अधिक सांगणे नको. श्रावकाचाराच्या ग्रंथांनी वनकर्म वर्ज्य व्यवसायांत गणले, तेही याच संदर्भात आठवते.

साताऱ्याचे कोयना आणि सांगलीच्या शिराळा तालुक्यापर्यंत पोहोचणारे चांदोली ही वने २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत; तेथून काडीही उचलता येत नाही. बाहेरच्या वनमालासाठी २००२ चा जैवविविधता कायदा आहे. व्यापारी उपयोगासाठी माल घेणाऱ्याने राज्य जैवविविधता मंडळाला आधी कळवावे आणि लाभाचा वाटा द्यावा, असे तो सांगतो. शेतात लावलेल्या औषधी वनस्पतींना २०२३ च्या दुरुस्तीने सवलत दिली आहे. खरेदी करताना मालाचा उगम लेखी मागणे पेढीच्याही हिताचे आहे.

२००५ मध्ये भारतीय संशोधकांना नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी आढळली, जी प्रयोगशाळेत स्वतः कॅम्पटोथेसिन तयार करते. मोठ्या भांड्यात बुरशी वाढवावी आणि झाडाला हात लावू नये, अशी आशा त्यातून निर्माण झाली. पण अशा बुरशा झाडापासून दूर वाढविल्या की पिढीगणिक त्यांचे उत्पादन घटत जाते. ते कसे टिकवावे, यावर काम चालू आहे.